अर्ध्या कोसावरची विलायत

माझ्या जन्मसमयी आमच्या घराण्याच्या ज्योतिषीबुवांनी जी पत्रिका मांडली, तिच्यात बाराव्या स्थानी राहू बसलेला असून त्याच्या कृपेने जातकास परमुलखात वास्तव्य, परकीयांचा सहवास आणि परान्नभोजन हे तिन्ही योग अटळ आहेत, असा स्पष्ट शेरा मारून ठेवला होता. माझ्या वडिलांनी तो शेरा सरकारी हुकुमाप्रमाणे शिरोधार्य मानला आणि मी सहा वर्षांचा होतो न होतो तोच मला काट्याचमच्याने वरणभात जेवण्याची तालीम देण्यास प्रारंभ केला; त्या तालमीत काटा लवकरच हरवला, चमचा पुढे मोहरीच्या डब्यात सापडला, आणि वरणभात मात्र पिढीजात पद्धतीने हातानेच पोटात जात राहिला. यथावकाश मी महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू झालो, अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो, आणि दरम्यानच्या ३६ वर्षांत माझ्या प्रवासाची चतुःसीमा पूर्वेस भुसावळ आणि पश्चिमेस दादर अशी कायम राहिली. समुद्र मी दादरच्या चौपाटीवर एकदाच पाहिला. तोही ओहोटीच्या वेळी, म्हणजे समुद्र कामानिमित्त बाहेर गेलेला असताना.

परदेशी जाऊन परोपकार करण्याची परंपरा मराठी माणसात नाही असे मात्र कोणी समजू नये. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, तेथील भाषा शिकले, तेथलेच झाले आणि १९४२ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांनी देह ठेवला. अशी उदाहरणे वाचली की माझे मन भरून येत असे आणि मी तत्काळ नकाशाचे पुस्तक काढून चीनचे अंतर मोजीत असे; पण अर्जित रजेचा हिशेब आणि ते अंतर यांचा मेळ कधी बसला नाही. निवृत्तीनंतर रजेची अडचण सरली, तेव्हा गुडघ्यांची सुरू झाली. ज्योतिषीबुवा तोवर परलोकवासी झाले होते, त्यामुळे त्यांच्याकडे दाद मागण्याचीही सोय उरली नव्हती.

तथापि राहू हा ग्रह चिवट आहे. मी विलायतेस जात नाही असे पाहून त्याने विलायतच माझ्या घरापासून अर्ध्या कोसावर आणून ठेवली.

हे कसे घडले ते कळण्यासाठी इगतपुरी गावाचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे. मुंबईहून निघालेली रेल्वे कसाऱ्यापाशी सह्याद्रीच्या पायथ्याशी येते आणि तेथून ३७ फुटांत एक फूट अशा चढाने थळघाट चढून इगतपुरीस पोचते. हा चढ एकट्या इंजिनाच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे कसाऱ्यास गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने जोडतात, त्यांना रेल्वेचे लोक बँकर म्हणतात. ही इंजिने गाडीला मागून रेटीत वर आणतात, आणि इगतपुरीस गाडी सपाटीला लागली की सोडवली जातात. गाडी पुढे काशीला जाते की कलकत्त्याला, याच्याशी बँकरचा काही संबंध राहत नाही. १८६५ साली हा लोहमार्ग सुरू झाल्यापासून यच्चयावत थोर पुरुषांना आमच्या स्टेशनात थांबणे भाग पडले. परंतु थांबणे निराळे आणि उतरणे निराळे. गाड्या थांबत, उतारू खिडकीतून हात बाहेर काढून बटाटेवडे घेत, पावसाला दोन शब्द बोलत आणि निघून जात. शंभराहून अधिक वर्षे इगतपुरी हे असे गाव होते की जे सगळ्या हिंदुस्थानाने पाहिले होते, पण बसल्या जागेवरून.

१९७६ साली गावाच्या टेकडीवर धम्मगिरी या विपश्यना केंद्रात शिबिरे सुरू झाली आणि माणसे प्रथमच आमच्या गावी जाणूनबुजून उतरू लागली. ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्मलेले, व्यापारधंद्यात मुरलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि ब्रह्मदेशात जतन झालेली ही ध्यानपद्धती येथे शिकवू लागले. त्यांच्या शिबिरांची कीर्ती सातासमुद्रापार गेली, आणि पाठीवर गाठोडे, पायात सपाता व डोळ्यांत झोप घेतलेले गोरे, पिवळे, सावळे असे नानादेशीय लोक आमच्या बाजारपेठेतून टेकडीकडे चालताना दिसू लागले. त्यांच्याविषयी गावाचे प्रथमदर्शनी मत असे होते की, हे लोक आपल्या देशी फार बोलत असावेत, म्हणून दहा दिवस गप्प बसण्यासाठी एवढे विमानभाडे भरून येतात. किराणा दुकानाच्या फळीवर बसून या मताला दुजोरा देणाऱ्यांत मी अग्रभागी होतो. पुरती ३० वर्षे मी त्यांच्याकडे पाहून हसलो, याची नोंद येथे प्रामाणिकपणे केली पाहिजे.

निवृत्तीनंतर घरातील प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवून, मोलकरणीची हजेरी घेऊन आणि दूधवाल्याकडून मागील तीन वर्षांचा खुलासा मागवून मी गृहखात्याची घडी बसवू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एके दिवशी अत्यंत मृदू स्वरात सांगितले, “अहो, टेकडीवर दहा दिवस ठेवून घेतात म्हणे. फुकट.” त्या ‘फुकट’ शब्दावर त्यांनी दिलेला जोर माझ्या हितासाठी होता की त्यांच्या, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. मी गेलो, दहा दिवस बसलो. त्या दहा दिवसांत काय झाले हे सांगण्याची प्रथा नाही, आणि सांगण्यासारखे जे आहे ते बहुतांशी गुडघ्यांविषयी आहे. परंतु त्यामुळे मी सेवेस पात्र ठरलो. ज्याने स्वतः एक शिबिर पूर्ण केले असेल त्यालाच पुढील शिबिरात धम्मसेवक म्हणून इतरांची सेवा करता येते, असा तेथील नियम आहे. सेवकाला वेतन नाही आणि साधकाला शुल्क नाही. सारा खर्च पूर्वीच्या साधकांनी दिलेल्या दानातून चालतो. आयुष्यभर जमाखर्च पाहिलेल्या माणसाला हा प्रकार प्रथम संशयास्पद वाटतो. मी नियमांचा कागद उलटून पाहिला, पाठीमागे बारीक अक्षरांत काही आहे का ते तपासले. पाठीमागे कोरे होते.

या पद्धतीकडे मी ओढला गेलो त्याला आणखी एक कारण झाले, आणि ते आध्यात्मिक नसून खातेनिहाय आहे. गोएंकाजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे कोणी जटाधारी नसून स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते! गोएंका असह्य डोकेदुखीवर उपाय म्हणून १९५५ साली त्यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीसाठी आला असाल तर येथे प्रवेश नाही, असे त्यांनी सुनावले होते. ही गोष्ट ऐकून माझा ऊर अभिमानाने भरून आला. अर्ज घेऊन आलेल्या इसमास प्रथम ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगणे ही हिशेब खात्याची सार्वत्रिक परंपरा असून तिची परिणती मोक्षमार्गात होऊ शकते, हे मला कोणी नोकरीत असताना सांगितले असते तर मी कितीतरी समाधानाने निवृत्त झालो असतो.

अशा रीतीने श्रावणातल्या एका सकाळी छत्री, घोंगडी आणि चष्म्याची दोन घरे घेऊन मी अर्धा कोस चालत परदेशगमन केले. भोजनशाळेच्या मागील बाजूस भाजी चिरण्याच्या टेबलापाशी माझी नेमणूक झाली. माझ्या उजवीकडे एक डच गृहस्थ होते, वयाने माझ्याएवढेच, उंचीने माझ्या दीडपट, आणि आपल्या देशी व्यवसायाने सुतार. डावीकडे एक जपानी तरुण होता, जो मी चाकू मागितला तरी कमरेत वाकून देई आणि परत केला तरी वाकून घेई. त्याच्या शिष्टाचाराला शिष्टाचाराने उत्तर द्यावे म्हणून मीही वाकू लागलो, आणि पहिल्या तासात भाजीपेक्षा माझी कंबरच अधिक चिरली गेली. समोर नागपूरचे एक अभियंते होते. तेथल्या फिक्या आमटीकडे ते ज्या विषण्ण दृष्टीने पाहत, ती पाहून विदर्भ हाही एक निराळा देश आहे याविषयी माझी खात्री पटली.

फरसबी चिरायची होती. आता फरसबी चिरणे हे काम मराठी माणूस गप्पा मारता मारता करतो; किंबहुना गप्पा हे मुख्य काम असून फरसबी हे निमित्त असते. मी पाच-सहा शेंगा एकत्र धरून सपासप तुकडे पाडू लागलो. डच सुताराने मात्र एक शेंग उचलली, प्रकाशात धरून तिचे निरीक्षण केले, दोन्ही टोकांचे देठ काढले, कडेचा दोरा अलगद, न तुटता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलला, तो दोरा एका वाटीत ठेवला, मग शेंग फळीवर आडवी ठेवून पहिला तुकडा केला, तो तुकडा माप म्हणून बाजूला मांडला आणि त्याच्या शेजारी धरून पुढचा प्रत्येक तुकडा कापला. माझी टोपली भरली तेव्हा त्याची वाटी भरली होती. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्या टोपलीतून एक तुकडा उचलला, त्याला लोंबणारा दोरा दोन बोटांत धरून माझ्यासमोर निरागसपणे धरला आणि “थँक यू” असे म्हणाला. हे आभार नेमके कशाबद्दल होते, ते मला आजतागायत कळलेले नाही.

‘थँक यू’ या शब्दाशी माझी ही पहिली चकमक. मीठ सरकवले की थँक यू, दार धरले की थँक यू, बाजूला झालो की थँक यू. एका सकाळी तर मी शिंकलो तेव्हा काहीतरी म्हणून तो आशीर्वाद देता झाला आणि मी गप्प राहिलो म्हणून बराच वेळ वाट पाहत उभा राहिला. आपल्याकडे आभार ही वस्तू समारंभाच्या शेवटी, अध्यक्षांच्या भाषणानंतर, लोक चपला शोधू लागले असताना मानायची असते. घरच्या माणसाचे आभार मानले तर तो ‘माझे काही चुकले का?’ असे विचारतो. इगतपुरी स्टेशनावर मी जन्मभर वडे खाल्ले, पण वडेवाल्याचे आभार मानावेत हा विचार मला कधी शिवला नाही, आणि मानले असते तर त्याने पैसे पुन्हा मोजून पाहिले असते.

आपला शिष्टाचार निराळा आहे. तो आभारांत नसून चौकशीत आहे. अनोळखी माणूस भेटला की गाव कोणते, नाव कोणते, वडील काय करतात, मुले किती, पगार काय, वरकमाई काय आणि मुलीचे जमले का, हे प्रश्न क्रमाने विचारणे म्हणजे मराठी मुलखातले हस्तांदोलन होय. परंतु धम्मगिरीवर साधकांना आर्यमौन असते, आणि सेवकांनाही कामापुरते, हळू आवाजात बोलण्याचीच मुभा असते. ‘तवा द्या’ हे बोलणे कामापुरते. ‘हा तवा कितीला पडला’ हे कामापुरते नाही. माझ्या उजव्या हाताला दोन हातांवर हॉलंडचा एक जिवंत रहिवासी दिवसभर उभा होता, आणि तो पेन्शनीत बसला आहे की नाही एवढेदेखील मला ठाऊक नव्हते! पोटात प्रश्नांची अशी दाटी झाली की तिसऱ्या दिवशी मी कोथिंबिरीच्या जुडीला तिचे गाव विचारल्याचे स्मरते.

प्रश्नांना वाट नाही म्हणून मी निरीक्षणाकडे वळलो आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनातल्या मनात ‘डच लोक आणि त्यांचे आचारविचार’ या ग्रंथाची प्रकरणे रचू लागलो. या लोकांत पहाटे चार वाजता उठण्याची चाल आहे. हे लोक मांसाहार करीत नाहीत, मद्याला शिवत नाहीत, आणि दुपारी बारानंतर जेवीत नाहीत. पुरुष व स्त्रिया स्वतंत्र राहतात. शौचकूप स्वतः घासण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. त्यांच्या देशी पाऊस मुळीच नसावा, कारण वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा आमचा पाऊस पाहून सुतारबुवा पडवीत तोंड उघडे टाकून उभे राहत. एकंदरीत ही एक सात्त्विक, मितभाषी व व्रतस्थ जमात असून तिच्यावर जैन धर्माचा प्रभाव पडला असण्याचा संभव आहे. ग्रंथ चांगला जमत चालला होता.

अशातच पाचव्या दिवशी पहाटेची घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे आले. धम्मगिरीचा दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो, साडेचारला ध्यान, आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. हे वेळापत्रक सूर्यचंद्रही आपल्याशी ताडून पाहत असावेत. जबाबदारीच्या दडपणाने मला झोप लागेना. केव्हातरी दचकून जागा झालो, चष्मा न लावता घड्याळ पाहिले, लहान काटा चाराजवळ आणि मोठा अकरावर दिसला, आणि चाराला पाच मिनिटे उरली अशी खात्री करून मी छत्री व घंटा घेऊन बाहेर पडलो. निवासांच्या ओळीवरून मी ती घंटा अशी तबियतीने वाजवली की वीज कडाडल्याचा आवाज तिच्यापुढे कामापुरता वाटावा. खोल्याखोल्यांतून दिवे लागले. खोकले ऐकू आले, बादल्या वाजल्या, आणि थोड्याच वेळात छत्र्यांची एक निःशब्द मिरवणूक मुसळधार पावसातून निघाली. मी कृतार्थ भावनेने उभा होतो. इतक्यात डच सुतार आपल्या खोलीतून बाहेर आला, माझ्यापाशी येऊन थांबला, आणि शेंग जशी प्रकाशात धरली होती तसे आपले मनगट दिव्याखाली धरून त्याने मला घड्याळ दाखवले. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

वाचकहो, हेच एखाद्या लग्नघरी, यात्रेत अथवा गणपतीच्या मांडवात घडले असते तर? माझा जाहीर पंचनामा झाला असता. कोणी घड्याळाची, कोणी डोळ्यांची आणि कोणी माझ्या कुळाची चौकशी केली असती. दोन पक्ष पडले असते. आणि दिवस उजाडेपर्यंत भांडून, भजी तळून, सगळे एकमेकांचे स्नेही होऊन परतले असते. येथे ती सत्तर-ऐंशी माणसे माझ्या बाजूने खाली मान घालून गेली आणि कोणी ब्र काढला नाही. गैरसोयीविषयी व्यवस्थापकांशी बोलण्याची साधकांना मोकळीक असते. तिचाही उपयोग कोणी केला नाही. मी नोकरीत मेमो खाल्ले आहेत, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, परंतु बिनतक्रार क्षमा हा प्रकार मला पचेना. सकाळी मी ‘मजकूर इसमाकडून अनवधानाने’ अशी सुरुवात असलेला दोन पानी खुलासा लिहून व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांपुढे ठेवला. त्यांनी तो न वाचता घडी करून परत दिला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, झालं ते गेलं. उद्या चष्मा लावून वाजवा.” माझ्या ३६ वर्षांच्या कारकिर्दीत इतक्या झटपट निकालात निघालेले प्रकरण मी पाहिले नव्हते. त्यावर बारनिशीचा आवक क्रमांकदेखील पडला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटले. ज्याने तो क्षण अनुभवला नाही त्याला धरणाचे दरवाजे उघडल्याची उपमा देऊन भागवावे लागेल. अर्ध्या घटकेपूर्वी जेथे पानाची सळसळ ऐकू येत होती तेथे एकदम लग्नाची पंगत अवतरली. मीही माझे दहा दिवसांचे तुंबलेले प्रश्न घेऊन सुतारबुवांना गाठले. गाव, वडील, मुले, पेन्शन, सारे विचारून घेतले. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला फळीवर माप ठेवून कापल्यासारखे नेमके उत्तर दिले, आणि त्या उत्तरांनी माझ्या ग्रंथाच्या एकेका प्रकरणाला आग लावली. ते आपल्या घरी आठ वाजता उठतात. संध्याकाळचे जेवण हेच त्यांचे मुख्य जेवण. मासे त्यांना फार प्रिय आहेत, बिअर त्याहून थोडी अधिक. पाऊस त्यांच्याकडे बारा महिने असतो, फक्त आमच्यासारखा एकदम अंगावर धावून येत नाही. आणि त्यांच्या बायकोच्या मते हॉलंडात त्यांच्याइतका बडबड्या माणूस दुसरा नाही. तिनेच त्यांना येथे धाडले होते. या शेवटच्या माहितीने आम्ही दोघेही क्षणभर अंतर्मुख झालो. राहूची कक्षा समजली त्याहून मोठी असावी.

मग त्यांनी मला आपले मत सांगितले. मुंबईच्या विमानतळावर ते मध्यरात्री उतरले, मोटारीत झोपले आणि डोळे उघडले ते टेकडीवर. त्यांनी पाहिलेला महाराष्ट्र तेवढाच. ते म्हणाले, “तुम्हा मराठी लोकांचं मला फार कौतुक वाटतं. इतका शांत समाज मी पाहिला नव्हता. कोणी मोठ्यानं बोलत नाही, कोणी घाई करत नाही, कोणी परक्याला खासगी प्रश्न विचारत नाही. आणि वेळेच्या बाबतीत तर तुम्ही आमच्याही पुढे; एक तास पुढे.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. माझ्या उजव्या हाताला दहा दिवस डच लोकांचा ग्रंथ तयार होत होता, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला मराठी लोकांचा ग्रंथ तयार होत होता. आणि दोन्ही ग्रंथांत वर्णिलेली ती सात्त्विक, मितभाषी जमात एकच होती, ती म्हणजे धम्मगिरीचे वेळापत्रक. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, जवळजवळ तीन वर्षे तो देश हिंडल्या, आणि मगच १८८९ साली त्या लोकांच्या स्थितीवर त्यांचे पुस्तक निघाले. आम्ही दोघांनी तेच कार्य एका फरसबीच्या टेबलावरून उरकले होते. वास्तविक इगतपुरीच्या माणसाला हे कळायला हवे होते. शंभराहून अधिक वर्षे सगळ्या हिंदुस्थानाने आमचे गाव बसल्या जागेवरून पाहिले, आणि ‘इगतपुरी म्हणजे वडे आणि पाऊस’ असा निकाल देऊन टाकला, यावर मी स्वतः कितीदा संतापलो होतो!

एका सभ्य परकीयाला अशा घोर गैरसमजात परत धाडणे हे पाहुणचाराला शोभले नसते. शिबिर संपल्यावर अकराव्या दिवशी मी त्यांना गावात आणले. पहिल्या पन्नास पावलांत तिघांनी त्यांना गाव विचारले, दोघांनी पगार, आणि एका आजीबाईंनी माझ्यामार्फत पृच्छा केली की, “एवढा उंच माणूस, घरी पोटभर जेवायला घालतात ना?” भाजीवालीशी मी पावशेर मिरच्यांवरून घातलेली हुज्जत त्यांनी श्वास रोखून पाहिली, त्यांच्या समजुतीने आता पोलीस येणार होते. ती संपून भाजीवालीने वर मूठभर कोथिंबीर टाकली, तेव्हा त्यांनी विचारले, “ही कशाबद्दल?” मी म्हणालो, “भांडणाबद्दल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकची पांडवलेणी पाहिली. तेथे सतराव्या लेण्यात सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा एक ब्राह्मी लेख आहे. इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ ते लेणे आणि पाण्याची टाकी खोदवून भिक्षुसंघास दिली, असे त्यात कोरले आहे. मी सुतारबुवांना त्याचा भावार्थ सांगत होतो: तो उत्तरेकडचा, गाव दत्तामित्री, बापाचे नाव धर्मदेव, मुलाचे नाव धर्मरक्षित. ते एकदम थांबले आणि हसू लागले. गाव, बाप, मुलगा! दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातून सेवाभावाने आलेल्या त्या माणसालाही नाशिककरांनी पहिल्या दिवशी काय विचारले असेल, हे त्या शिळेवर उत्तरांच्या रूपाने जसेच्या तसे शाबूत होते. फक्त पगार तेवढा त्याने दगडावर घातलेला नाही. तो शहाणा होता.

संध्याकाळी इगतपुरी स्टेशनावर त्यांना मुंबईच्या गाडीत बसवले. पलीकडच्या रुळांवर कसाऱ्याहून चढून आलेल्या एका गाडीचे बँकर सोडवीत होते. सुतारबुवांनी हे काय म्हणून विचारले, मी सांगितले. ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे सेवक.” मला स्वतःला ही उपमा जन्मभर त्या इंजिनांशेजारी राहून सुचली नव्हती, आणि ती एका सुताराला दोन मिनिटांत सुचावी याचा मला किंचित राग आला. गाडी हलली. खिडकीतून हात बाहेर काढून ते वडे घेऊन आलेल्या पोराला, मी शिकवलेल्या मराठीत, मोठ्या गंभीरपणे विचारीत होते, “गाव कोणता? वडील काय करते?” पोरगा टोपली डोक्यावर सांभाळीत गाडीबरोबर धावत धावत त्यांना सविस्तर माहिती देत होता, फलाटाच्या टोकाशी गाडी पुढे गेली तेव्हा तो बहुधा थोरल्या बहिणीच्या लग्नापर्यंत आला होता.

परत येऊन त्याने टोपली माझ्यासमोर उतरवली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता, वड्यांतून वाफ निघत होती. मी दोन वडे घेतले, पैसे दिले, त्याने हिरवी मिरची कागदात बांधून दिली, आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून शब्द गेला, “थँक यू.”

पोराने पैसे पुन्हा एकदा मोजले. मग माझ्याकडे नखशिखान्त पाहिले आणि अदबीने विचारले,

“काका, तुम्ही कुठले?”